एकेचाळीस खुंट्या

डाकोटाच्या त्या माळावर झाड बघायचं तर बैलगाडीनं दीड दिवस जावं लागायचं. बघितलं तरी ते नदीकाठचं, वाकडंतिकडं, आणि कुणाच्या ना कुणाच्या कुऱ्हाडीनं आधीच नजर लावलेलं. म्हणून वस्तीतल्या सातही घरांत लाकडाला सोन्याचा मान. दाराची चौकट, पाळणा, बायबलची पेटी आणि शवपेटी, एवढ्यालाच लाकूड वापरायचं. बाकी घर मातीच्या कच्च्या विटांचं आणि चूल शेणाच्या विटांवर. उन्हाळ्यात शेण आणि काड एकत्र तुडवायचं, फावड्यानं विटा कापायच्या, उलटून पालटून वाळवायच्या आणि छपराखाली रचून ठेवायच्या. रशियातल्या ओडेसाकडच्या आमच्या जुन्या जर्मन गावातही हेच होतं आणि समुद्र ओलांडून आल्यावर इथंही हेच. "देश बदलला, पण शेण काही बदललं नाही," असं बार्बरा मावशी म्हणायची. बार्बरा मावशी म्हणजे वस्तीची सुईण. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि हाताला मात्र लोण्याचा गुण होता.

टिला बाउडर तेव्हा दहा वर्षांची. तिचे बाबा, गॉटलीब, दर सप्टेंबरात मळणी उरकली की पूर्वेकडे रेल्वेच्या कामावर जायचे. जावंच लागायचं. गहू मायंदाळ पिकायचा, पण विकायला चाळीस मैल गाडी हाकायची. पोचेपर्यंत निम्मा नफा बैलांनीच चावून खाल्लेला. मग हिवाळाभर बाबांनी कुठल्यातरी भरावावर फावडं मारावं, तेव्हा घरात मीठ आणि तेल यायचं. घरी असले की कोट दाराजवळच्या बाकावर टाकायची त्यांची सवय. आईनं कितीदा म्हटलं, "अहो, भिंतीत एखादी खुंटी तरी ठोका." ते म्हणायचे, "चार महिन्यांसाठी कशाला लाकूड वाया घालवायचं, रोझिना? मी इथला पाहुणा."

आई या विनोदाला कधी हसली नाही. टिलालाही तो आवडायचा नाही. बाबा गेले की ती त्या रिकाम्या बाकावर बसायची, म्हणजे तो रिकामा दिसू नये.

१८८५ सालीही बाबा गेले. आईला बाळ व्हायला तेव्हा सहा आठवडे होते. "बाळ यायच्या आधी येतो," असं ते म्हणाले, आणि तसं म्हणणाऱ्या सगळ्या माणसांसारखे आले नाहीत.

ऑक्टोबरात तीन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याशेजारचं छप्पर शेणाच्या विटांच्या ढिगावर बसलं, आणि उन्हाळाभराच्या मेहनतीचं पुन्हा शेण झालं. त्याच दिवशी दुपारी आईला कळा सुरू झाल्या. दोन आठवडे आधीच.

बार्बरा मावशी बाह्या वर सारत आत आली. तिनं चुलीत डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "हे काय जळतंय का रडतंय? टिला, अगं, काहीतरी कोरडं आण. थंड खोलीत आलेलं पोर निळं पडतं."

"मावशी, सगळ्यांच्याच विटा भिजल्यात. केटर्लिंगकाकांच्या कोरड्या आहेत, पण दुकानाला कुलूप आहे. ते यांक्टनला गेलेत."

"हा मेला नको तेव्हा हजर आणि पाहिजे तेव्हा यांक्टनला! मग जा, शोध. चिपाड, हाड, पक्ष्याचं घरटं, काहीही. आणि रडायचं असलं तर बाहेर जाऊन रड; इथं एकच बाई रडेल एवढी जागा आहे."

टिला निघाली. पाऊस थांबला होता, पण वारा कानशिलं सोलत होता. ओढ्याच्या बाजूला काही नव्हतं हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती टेकडीच्या मागच्या अंगाला वळली. तिथं गवत कमरेएवढं वाढायचं आणि एकटीनं जायची तिला भीती वाटायची. भीती वाटली की ती पावलं मोजायची. मोजत मोजत चालली, आणि धाडकन ठेचकाळून पडली.

जमिनीत खुंटी होती. पांढऱ्या पाइनच्या लाकडाची, हातभर लांब, एका बाजूनं तासलेली, आणि वर निळ्या खडूनं आकडे लिहिलेले.

आता तुम्ही-आम्ही म्हणू, एवढी रेखीव खुंटी आहे तर कुणीतरी कशासाठीतरी ठोकली असेल. पण टिला गुराख्यांच्या घरातली. तिच्या आज्यापणज्यांनी झाड नसलेल्या माळावर जन्म काढला होता, आणि तिच्या लेखी खुंटीचा उपयोग जगात एकच: गाय बांधायचा. कुणीतरी गाय बांधली असेल, सोडून नेली असेल आणि खुंटी विसरला असेल. वर आकडा कशाला? तर गायीचा नंबर. तिनं ती उपटली. वरून ओली होती, पण हातात हलकी लागत होती. आतून कोरडी.

तिथून चौपन्न पावलांवर दुसरी होती. पुढं चौपन्न पावलांवर तिसरी. 'बाई गं,' टिलाला वाटलं, 'केवढा श्रीमंत माणूस! आणि केवढा विसराळू!'

उपटताना ती आणखी एक काम करत होती. त्यांच्या घरात एक नियम होता, आईकडून आलेला: जमिनीतून काही उपटलं तर भोक उघडं ठेवायचं नाही. एक तर त्यात बैलाचा पाय अडकून मोडतो. दुसरं म्हणजे, आई म्हणायची, "जमिनीच्या तोंडातला घास काढलास ना? मग दुसरा घाल." बटाटा काढला तर एक बारका बटाटा परत टाकायचा. टिलाजवळ बटाटा नव्हता. पण आमच्या माणसांच्या खिशात चर्चमध्येसुद्धा सूर्यफुलाच्या बिया असतात. त्यांच्यावरच तर लांबलांबची प्रवचनं निभावून नेतात. एकेका भोकात तिनं दोन-दोन बिया टाकल्या, टाचेनं माती लोटली आणि पुढं गेली. एका ठिकाणी चार जाडजूड खुंट्या चौकोनात होत्या, त्यांना लाल चिंधी बांधलेली. यांची भोकं मोठी. त्यांत तिनं मूठ-मूठ बिया घातल्या आणि खिसा झाडून टाकला.

तीन खेपांत एकेचाळीस खुंट्या घरी आल्या. चुलीनं पहिल्यांदा फुसफुस केली, मग भडका उडाला. मातीच्या त्या खोलीत पाइनचा असा वास सुटला की बाजेवरची आईसुद्धा क्षणभर कण्हायची थांबली आणि म्हणाली, "नाताळ आला का गं?"

दिवेलागणीच्या आत एमिल जन्मला. लालबुंद होता, निळा नाही.

"कुठं मिळालं गं एवढं लाकूड?" बार्बरा मावशीनं हात धुता धुता विचारलं.

"सापडलं. कुणीतरी गायी बांधून विसरला होता."

"सापडलेलं खावं आणि जाळलेलं विसरावं," मावशी म्हणाली. विषय संपला. एक खुंटी तेवढी उरली होती, २१७ आकड्याची. टिलानं ती अंगणात ठोकली आणि तिला काळ्या गाईचं दावं बांधलं.

जानेवारीत पेटर केटर्लिंगनं वस्तीला दुकानात बोलावलं. वस्तीत इंग्रजी येणारा हा एकटाच, आणि त्यामुळे सगळ्या बातम्या त्याच्या खिशातून बाहेर पडायच्या, त्याला सोयीच्या वेळी. त्यानं पिठाच्या रिकाम्या पोत्यावर काढलेला नकाशा टेबलावर पसरला.

"इथून रेल्वे जाणार," तो छाती फुगवून म्हणाला. "आणि स्टेशन आपल्या टेकडीमागं! कंपनीचे मोजणीदार सप्टेंबरात येऊन जागा आखून गेले. तुम्ही सगळे बारा मैलांवर मळणी यंत्रापाशी होतात. मी एकटा हजर होतो."

"सप्टेंबरात?" बार्बरा मावशी म्हणाली. "आणि आज सांगतोस? चार महिने ही बातमी अंड्यासारखी उबवत बसला होतास?"

केटर्लिंगनं नकाशाकडे बघितलं. स्टेशनसमोरच्या दोन्ही कोपऱ्यांवर आधीच त्याचं नाव लिहिलेलं होतं. पण लोक इतके खूश झाले की कुणी भांडत बसलं नाही. स्टेशन आलं म्हणजे गहू दारातून विकला जाणार, डॉक्टर गाडीत बसून येणार, शाळा निघणार. आईनं त्या रात्री पाव कापला आणि त्यावर कलिंगडाचा पाक नेहमीपेक्षा जाड लावला. बाबांचं पत्रही त्याच आठवड्यात आलं: आपण ज्या टोळीत आहोत तीच टोळी भराव टाकत आपल्याकडे येतेय, ऑगस्टपर्यंत पोचू. 'आणि स्टेशन झालं,' पत्रात लिहिलं होतं, 'की मग मी कुठं जात नाही. गहू विकेन आणि घरी बसून लठ्ठ होईन.'

टिलानं ते वाक्य इतक्यांदा वाचलं की कागदाला तिथं घडी पडली.

आता हिवाळा गेला, चिखल गेला, आणि जूनच्या मध्यात एक उंच, उन्हानं भाजलेला माणूस घोड्यावरून आला. व्हिटकम साहेब, कंपनीचा इंजिनियर. सोबत दोन माणसं आणि तिपाईवरची दुर्बीण. ते सकाळी टेकडीमागं गेले आणि दुपारी परत आले, तेव्हा साहेबाचा चेहरा बंद पडलेल्या घड्याळासारखा झाला होता.

सगळी वस्ती दुकानासमोर जमली. साहेब बोलत होता आणि केटर्लिंग एकेक वाक्य उलथवून जर्मनमध्ये टाकत होता. बोलता बोलता त्याचाच रंग उडत चालला.

"साहेब म्हणतात, खुंट्या नाहीत. अलीकडे आहेत, पलीकडे आहेत, मधल्याच पाऊण मैलात नाहीत. आणि सगळी मेख त्या पाऊण मैलातच आहे. टेकडीवरून उतरून ओढा ओलांडायचा तर इंजिन चढेल असा उतार लागतो. आधीच्या मोजणीदारानं आठ दिवस हिंडून तो शोधला, दोन वळणं घेऊन. तो माणूस आजारी पडून गावी गेला. त्याची वही पुरात गाडीसकट नदीत गेली."

"मग पुन्हा शोधा म्हणावं," आई म्हणाली. एमिल तिच्या कडेवर होता.

"दहा दिवस लागतील म्हणतात. मागं दोनशे माणसं आणि खेचरं बसून खातील. दक्षिणेकडची दुसरी वाट आखून तयार आहे, सात मैल खालून. उद्या संध्याकाळपर्यंत इथली वाट सापडली नाही तर रेल्वे तिकडून जाईल."

सात मैल म्हणजे ओढा, दलदल आणि टेकड्या. सात मैलांवरचं स्टेशन म्हणजे तिथलं गाव वाढणार आणि हे मरणार. टिलाच्या डोळ्यांपुढं गाव-बिव काही आलं नाही. तिला बाक दिसला. रिकामा.

साहेबानं खिशातून कागद काढला आणि त्यावर काहीतरी लिहायला लागला.

"ते काय लिहितायत?" बार्बरा मावशीनं विचारलं.

"रेड इंडियनांनी उपटल्या असणार म्हणतात," केटर्लिंग म्हणाला. "ओढ्याकाठी तंबू आहेत ना त्यांचे. किल्ल्यावर सैनिकांना कळवतायत. येतील नि त्यांना हुसकून लावतील."

ओढ्याकाठी तंबू होते, दोन. दर जूनमध्ये डाकोटा जमातीची एक बाई तिच्या दोन मुली आणि म्हातारा बाप घेऊन माळावरचे कंद खणायला यायची. गेल्या उन्हाळ्यात तिनं टिलाच्या आईकडून एक पाव घेतला होता आणि कंदांची एक अख्खी वेणी दिली होती, साली सोलून गुंफलेली. टिलानं तिला खणताना पाहिलं होतं. अणकुचीदार काठीनं ती कंद उचकटायची, आणि पुढं जायच्या आधी पायानं माती परत लोटायची. 'हिच्या घरातही तोच नियम आहे,' असं टिलाला तेव्हा वाटलं होतं.

"केटर्लिंगकाका," टिलानं विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "त्या खुंट्या... कशा दिसतात?"

"खुंट्यांसारख्या दिसतात. लहान मुलांनी मधे बोलू नये."

"पांढऱ्या? वर निळे आकडे?"

केटर्लिंगनं वळून बघितलं. बार्बरा मावशीनंही. मावशीचा हात हळूच तोंडावर गेला.

दोन वाटा होत्या. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं, सैनिक ओढ्याकाठी जातील, बस्स. बोललं तर सगळं गाव तिच्याकडे बघणार होतं. टिलाला दोन्ही वाटा नको होत्या. पण तिच्या तोंडातून शब्द तिला न विचारता बाहेर पडले.

"त्यांनी नाही उपटल्या. मी उपटल्या."

केटर्लिंग तिच्याकडे बघतच राहिला. इंग्रजीत काही सांगेना.

"सांगा त्यांना, पेटरभावजी," आई म्हणाली.

"रोझिनावहिनी, अहो, कंपनीची मालमत्ता आहे ती! तुरुंगात..."

"सांगा. नाहीतर ती सांगेल, बोटं दाखवून. आमच्या घरात केलेलं काम कबूल करतात."

केटर्लिंगनं सांगितलं. साहेबाची पेन्सिल थांबली. त्यानं टिलाकडे असं बघितलं, जसं कुणी मांजरीनं बैल ओढून नेल्याचं ऐकून मांजरीकडे बघावं.

"विचारतात, काय केलंस त्यांचं?"

"जाळल्या."

"एकेचाळीसच्या एकेचाळीस?"

"चाळीस. एकीला आमची काळी बांधलीय."

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. केटर्लिंगला मात्र आता वाचा फुटली. "अगं पोरी! सबंध गाव चुलीत घातलंस! स्टेशन, हॉटेल, माझे कोपरे..."

"थांब रे, कोपरेवाल्या!" बार्बरा मावशी पुढं झाली. "या पोराला बघ." तिनं एमिलचा दंड धरून वर केला. "हा लाल आहे का निळा? लाल आहे, कारण ही पोर तुझ्या कुलूप लावलेल्या दुकानावरून पुढं गेली आणि लाकूड घेऊन आली. आणि त्या खुंट्या कसल्या आहेत हे तिला कोण सांगणार होतं? ज्याला ठाऊक होतं तो चार महिने तोंड शिवून बसला होता. एवढं तर साहेबाला सांग!"

केटर्लिंगनं हे सांगितलं नाही. पण साहेब मूर्ख नव्हता. बायकांचे हात कुणाकडे वळतात हे कुठल्याही भाषेत कळतं. त्यानं एमिलकडे बघितलं, उसासा टाकला आणि टोपी डोक्यावर चढवली. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. नुसता थकवा होता. ते टिलाला जास्त लागलं. माणूस रागावला तर त्याला समजावता तरी येतं.

तो घोड्याकडे वळला, आणि टिलाला आठवलं. ती टेकडीकडे पळतच सुटली.

"भोकं आहेत!" ती ओरडत होती. "मी बुजवली, पण आहेत! मी आत घास घातलाय!"

सगळे तिच्या मागं गेले, थोडे तिला आवरायला, थोडे तमाशा बघायला. टेकडीमागं गवत पुन्हा हिरवंगार झालं होतं, आणि त्यात जिकडे तिकडे सूर्यफुलाची रोपं. रानटी. शेकड्यांनी. डाकोटात ती तणासारखी उगवतात.

साहेबानं हात पसरून चौफेर दाखवलं आणि काहीतरी म्हणाला. भाषांतराची गरजच नव्हती: पोरी, यातली तुझी कुठली?

टिला गुडघ्यांवर बसली. एक रोप चाचपलं, सोडलं. दुसरं, तिसरं. रानटी रोप बारकं, खरखरीत, जमिनीपासूनच फांद्या फोडणारं. तिच्या खिशातल्या बिया जुन्या गावच्या होत्या, आईनं रुमालाच्या गाठीत बांधून समुद्रापलीकडून आणलेल्या वाणाच्या. त्यांना फांद्या फुटत नाहीत. एक खोड, अंगठ्याएवढं जाड, आणि पानं तळहाताएवढी. ती सरपटत गेली. हाताला काटे लागले. आणि मग तिला ती दिसली: गुडघाभर उंच, शेजारीशेजारी दोन, फांदी नसलेली, जणू दोघी बहिणी चर्चच्या दारात उभ्या.

"हे बघा! आमचं आहे. आई, आमचं आहे ना?"

आईनं पान उलटून पाहिलं. "आमचंच आहे. या रानात हे कुणी लावल्याशिवाय येत नाही. सांगा त्यांना, भावजी."

टिला तिथून पावलं मोजायला लागली. चौपन्न. काही नव्हतं. उंदरानं खाल्लं असेल. पुढं चौपन्न, पण आठ महिन्यांत पाय वाढले होते, म्हणून ती मुद्दाम आखूड टाकत होती. पुन्हा काही नाही. कुणीतरी मागं म्हणालं, "जाऊ दे गं, बाळ." टिलानं जाऊ दिलं नाही. पुढं चौपन्न.

दोन रोपं. शेजारीशेजारी. जाड खोडाची.

साहेबानं टोपी काढली. आपल्या माणसाला हाक मारली आणि पहिल्या रोपांपाशी लाल-पांढरा बांबू उभा करायला लावला. मग दुर्बिणीला डोळा लावला. मग नुसता हातानं इशारे करत राहिला: तिथं, पुढं, अजून पुढं. संध्याकाळपर्यंत बार्बरा मावशीसकट सगळी वस्ती गवतात रांगत होती. एकेचाळीस भोकांपैकी सव्वीस उगवली होती. ती टेकडीवरून एका बाजूला वळत उतरली होती आणि ओढ्याजवळ दुसऱ्या बाजूला, हळूच, जणू कुणी बाई डोक्यावर घडा घेऊन उतरावी. आणि मधे चार ठिकाणी, चौकोनात, मूठ-मूठ रोपांची दाटी.

"स्टेशन," साहेब म्हणाला. हा शब्द सगळ्यांना समजला.

काळीचं दावं सोडून २१७ नंबरची खुंटी आणली, तेव्हा त्यानं आकडा अलीकडच्या-पलीकडच्या खुंट्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिला, मोठ्यानं हसला आणि खुंटी टिलाला परत दिली. केटर्लिंगनं सांगितलं, "म्हणतात, जमीन किती वर किती खाली ते उद्या दिवसभरात मोजतील. वाट सापडली, बास. आणि म्हणतात, पुन्हा लाकूड लागलं तर आधी कंपनीला विचारा."

"म्हणावं, बाळ यायची वेळ आधी पत्र लिहून कळवत नाही," आई म्हणाली.

टिला अजून साहेबासमोर उभी होती. "आणि तो कागद? किल्ल्यावरचा?"

केटर्लिंगनं विचारलं. साहेबानं खिसा चाचपला, कागद काढला, चार तुकडे केले आणि टिलाच्या हातावर ठेवले. घरी जाऊन तिनं ते चुलीत घातले. कंद खणणाऱ्या त्या बाईला यातलं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती तशीच काठी घेऊन माळावर खणत होती. रूळ आल्यावर ती आणखी दोन उन्हाळे आली, मग आली नाही. तिथं रेल्वेनं आणि आम्ही जे उपटलं, त्या भोकात कुणी काही घातलं नाही. हे टिलाला मोठी झाल्यावर कळलं, आणि ते ती कधी विसरली नाही.

ऑगस्टात सूर्यफुलं माणसाएवढी झाली. प्रत्येक जोडीशेजारी आता एक नवी खुंटी होती आणि वस्तीतल्या एकाही पोराची त्यांना हात लावायची छाती नव्हती. पूर्वेकडून धूळ उठली, मग खेचरं दिसली, मग फावडी. भराव घालणारी टोळी टेकडीवर आली आणि खाली बघून थबकली. पिवळ्या फुलांची एक वाट वळत वळत ओढ्याकडे गेली होती, आणि सगळी फुलं त्यांच्याकडेच तोंड करून उभी होती, कारण सकाळ होती.

"आता कंपनी फुलं लावून आखते का काय?" टोळीतला एकजण म्हणाला. दुसऱ्यानं फुलांचा वाण ओळखला आणि हातातलं फावडं खाली ठेवलं. तो गॉटलीब बाउडर होता.

ती फुलं गेली, अर्थातच. भराव काही फुलं बघून थांबत नाही. चारांपैकी तीन झुबके स्टेशनच्या भिंतींखाली गेले. चौथा वाचला, कारण कंपनीनं फळ्या वाचवायला स्टेशनच दोन हात आखूड बांधलं. आणि गावाला नाव पडलं ते कुणा साहेबाच्या जावयाचं, ज्यानं ते गाव जन्मात पाहिलं नाही. ते जाऊ द्या.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी संध्याकाळी काम सुटल्यावर बाबा फावडं खांद्यावर टाकून चालत घरी जेवायला आले. टेकडीवरून खाली, पंधरा मिनिटांची वाट. चुलीवर कणकेचे गोळे उकळत होते. दारात एमिल रांगत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एमिलनं भोकाड पसरलं.

"हा कोण?" बाबा म्हणाले.

"कंपनीचा माणूस," आई म्हणाली. "कंपनीच्या लाकडावर जन्मलाय. सगळी हकीकत लेकीला विचारा."

टिलानं सांगितली. बाबा ऐकताना एमिलला मांडीवर घेऊन बसले होते, आणि गोष्ट चाळीस खुंट्यांशी आली तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय, ते त्यांनी तोंड एमिलच्या पोटात लपवल्यामुळे कळलं नाही.

मग ते उठले आणि सवयीनं कोट बाकावर टाकायला गेले.

"थांबा," आई म्हणाली. "टिला, ती खुंटी आण."

टिलानं काळीला गोठ्यात नेऊन बांधलं आणि अंगणातली २१७ नंबरची खुंटी उपटली. भोकात सूर्यफुलाची एक बी टाकली, टाचेनं माती लोटली. खुंटी आईच्या हातात दिली. आईनं ती बाबांपुढं धरली, दुसऱ्या हातात हातोडी.

"मी काय पाहुणा..." बाबा सुरू झाले. आईनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मातीच्या भिंतीत चार घाव घातले आणि कोट टांगला.

सप्टेंबर आला. मळणी झाली. टिला रोज सकाळी उठून आधी दाराकडे बघायची. कोट तिथंच होता. नाताळातही होता.